फोन ओट्यावर, मी गॅलरीत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महिन्याभरात पगार निम्म्यावर आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी रुग्णांचे आकडे बघत पडायचो. सकाळी डोकं जड, घरात चिडचिड. एकदा आईशी फार वाईट बोललो, ते अजून सलतं.

सुरुवात फोनपासून केली. रात्री साडेनऊला तो स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावायचा, गजरासाठी जुनं चावीचं घड्याळ. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप उशीखाली जायचा. बातम्या फक्त संध्याकाळी ७ च्या, एकदाच.

उठल्याबरोबर गॅलरीत. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्री झोप वेळेवर लागते. मला हे आठवड्याभरात जाणवलं. तिथेच सूर्यनमस्कार. आधी १२ घालायचा संकल्प केला होता, तो तिसऱ्याच दिवशी मोडला. मग फक्त २ ठरवले, चहाचं आधण ठेवलं की लगेच. आधण रोज ठेवलं जातंच, त्यामुळे नमस्कारही होत गेले. दिवाळीपर्यंत १२ वर आलो. मध्ये खाडा पडला, तर दुसऱ्या दिवशी भरपाई करत बसलो नाही.

पैशांची काळजी मात्र अशी जात नाही. वहीत रोजचा खर्च लिहायला लागलो, शिल्लक किती पुरेल ते मांडलं. साडेचार महिने. रात्री मनात घोळायचं त्यापेक्षा ते बरंच होतं. वही आईला दाखवली. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि दुधाचे २० रुपये लिहायचे राहिलेत म्हणाली.