पाडवा ते दसरा: गावातल्या हेपॅटायटिस सी शिबिराची तयारी

तयारी कॅलेंडरापासून सुरू करा. किट, मंडप, डॉक्टर हे सगळं त्यानंतर. शिबिर म्हटलं की आपल्याकडे 28 जुलै धरतात, जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून. पण केज, धारूर, वडवणी, पाटोदा या बीडच्या ऊसतोड पट्ट्यात ती तारीख गैरसोयीची आहे. 28 जुलैला बोट टोचलं, रिपोर्ट आणि कागदपत्रं होऊन 12 ऑगस्टला पहिली गोळी मिळाली, तर 84 दिवसांचा कोर्स 3 नोव्हेंबरला संपतो. तोवर मुकादमाची उचल घेऊन झालेली असते आणि बरीच कुटुंबं सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावच्या फडात पोचलेली असतात. बरं, गोळ्या संपल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. शेवटच्या गोळीनंतर आणखी 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू नाही हे तपासायचं असतं, तेव्हाच माणूस बरा झाला म्हणतात. म्हणजे 84 अधिक 84, एकूण 168 दिवस तो माणूस आपल्या हाताशी हवा.

म्हणून उलटी मोजणी करा. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या आसपास टोळ्या गावी येतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिबिर घ्या, 15 एप्रिलला गोळ्या सुरू करा. त्या 7 जुलैला संपतात आणि शेवटची तपासणी 29 सप्टेंबरला येते. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, तो लवकर आला तरी हे जमतं. गेली काही वर्षं मी गावोगावच्या शिबिरांत रक्त घेते आहे, आणि पॉझिटिव्ह निघालेली माणसं मधेच निघून गेली ती औषधाला कंटाळून नव्हे, गाडी दारात उभी राहिली म्हणून.

आता कुणाला बोलवायचं ते ठरवा. हेपॅटायटिस सी हा यकृताचा आजार रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, पाण्याने, हात मिळवल्याने, अंगावर पाजल्याने तो पसरत नाही. आशाताईंबरोबर बसून घरांची यादी करताना हे प्रश्न विचारा: कधी रक्त चढवलं होतं का, विशेषतः 2001 च्या आधी? आपल्या रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती त्या वर्षी. माझ्या मामांना एका ऑपरेशनमध्ये दोन बाटल्या रक्त दिलं होतं ते त्याआधी. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस, पोटात पाणी झालं तेव्हा सगळ्या गावाने दारूचाच संशय घेतला. काविळीची माळ घालून झाली, पथ्य झालं, आणि खरं नाव कळलं तेव्हा यकृत वाळून गेलं होतं. पुढचे प्रश्न: डायलिसिस चालू आहे का, घरात थॅलेसेमियाचं मूल आहे का, जत्रेत गोंदवून घेतलंय का, घरात आधी कुणी पॉझिटिव्ह आहे का. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न, अंग दुखलं की सुई आणि थकवा आला की सलाईन, हे किती वेळा आणि कुणाकडे घेतलं. सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही ही समजूत अजून गेलेली नाही.

वयस्कर माणसांना हे समजावताना मी इजिप्तची गोष्ट सांगते. तिथे 1950 नंतरची तीसेक वर्षं एका जंतविकारासाठी सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या, आणि हेपॅटायटिस सी घराघरांत पोचला. आपल्याही आजीआजोबांना पातेल्यात उकळायला ठेवलेली काचेची सिरिंज आठवते, त्यामुळे गोष्ट लगेच पटते. त्याच इजिप्तने 2018-19 मध्ये काही महिन्यांत सुमारे 5 कोटी लोकांची तपासणी केली, औषध फुकट दिलं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या वाटेवरचा ‘सुवर्ण’ दर्जा मिळवणारा पहिला देश म्हणून त्याचं नाव जाहीर केलं. जॉर्जियाने 2015 मध्ये, आपल्या पंजाबने 2016 मध्ये मोफत उपचार सुरू केले. भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. तरी 2022 मध्ये देशात अंदाजे 55 लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. निर्मूलन म्हणजे एकही रुग्ण नाही असं नव्हे. 2030 पर्यंत नव्या लागणी 90 टक्क्यांनी आणि मृत्यू 65 टक्क्यांनी कमी करायचे, असं ते जगाचं उद्दिष्ट आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे त्यात कुठे असतील, हे आपल्या वह्या किती नीट भरल्यात यावर अवलंबून आहे.

सामानात मला सगळ्यात जास्त काळजी उन्हाची वाटते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशी ओलांडतो आणि रॅपिड किटवर बहुधा 30 अंशांची मर्यादा छापलेली असते. किटची खोकी जीपच्या टपावर ठेवू नका, थंड पेटीत ठेवा, वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा. तपासणी सकाळी सातला सुरू करून अकराला आटपा. उन्हाआधी रोजगाराला जाणाऱ्या बायाही तेवढ्या वेळात येऊन जातात. प्रत्येक माणसाला नवी लॅन्सेट (बोट टोचायची सुई), प्रत्येक माणसामागे नवे हातमोजे. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत. सांडलेल्या रक्तावर ओतायला ब्लीचचं द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. वाळलेल्या डागातही हा विषाणू काही आठवडे तग धरू शकतो. ज्या आजाराचा बंदोबस्त करायला आलो तो आपल्याच टेबलावरून पसरला, तर लोकांसमोर उभं राहायला तोंड राहणार नाही.

बोटाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नसतं. अँटिबॉडी म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण. दहातल्या तीनेक जणांत शरीर त्याला आपोआप घालवतं. तो आत्ता रक्तात आहे का, हे व्हायरल लोडची चाचणी सांगते. त्यासाठीचं रक्त त्याच बैठकीत, जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन ठेवा. ‘पुढच्या मंगळवारी तालुक्याला या’ असं सांगितलं की एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि माणूस येत नाही. यकृताची स्थिती बघायला लागणारं रक्तही तेव्हाच घ्या: प्लेटलेट, एएसटी, एएलटी, आणि सोबत हेपॅटायटिस बीची चाचणी. बी आहे आणि तो न बघता सीच्या गोळ्या दिल्या, तर दबलेला बी उसळू शकतो. नळ्या थंड पेटीत घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचल्या पाहिजेत, म्हणून गाडीवाल्याला आदल्या रात्री पुन्हा फोन करा.

निकाल सांगायला वेगळी खोली ठेवा. शाळेचा वर्ग चालेल, दार लागलं पाहिजे. नाव पुकारून ‘तुम्ही इकडे बसा’ म्हणू नका. यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका, सरपंचांनी मागितली तरी. सोयरीक मोडल्याचं, सुनेचं ताट वेगळं काढल्याचं मी पाहिलं आहे. पहिलं वाक्य हे असू द्या: हा आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणांचा.

औषधाची चौकशी शिबिराच्या पंधरा दिवस आधीच करा, साठा आहे का आणि किती जणांपुरता. यकृत वाळलेलं नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज एकदा, 28 दिवसांच्या डब्या, एकूण तीन. यकृत वाळलं असेल तर औषध आणि मुदत डॉक्टर बदलतात. पोट फुगलंय, रक्ताची उलटी झालीय, अशांना गावात थांबवू नका. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड यांपैकी जे जवळ असेल तिथल्या मेडिकल कॉलेजला पाठवा, आणि कोण सोबत जाणार ते आधी ठरवा. चालू गोळ्यांची पिशवी प्रत्येकाला घरून आणायला सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन या औषधांशी सीच्या गोळ्यांचं जमत नाही. गरोदर बाईचा उपचार बाळंतपणानंतर.

गोळी चुकू नये म्हणून आम्ही वेळ संध्याकाळी दिवा लावायची ठरवली. मोबाइलच्या अलार्मपेक्षा ते चांगलं चाललं. तरीही कुणाला मधेच गाव सोडावं लागलं तर राहिलेल्या डब्या एकदम देता येतील का हे डॉक्टरांना विचारा, आणि कारखान्याच्या जवळचं उपचार केंद्र चिठ्ठीवर लिहून द्या. मुकादमालाही विश्वासात घ्या, पण त्याला आजाराचं नाव सांगायचं की नाही हे रुग्ण ठरवेल.

वही साध्या दोनशे पानांची पुरे. नाव, वय, फोन, घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन, टोळी कुठे जाते, पहिली गोळी, शेवटची गोळी, आणि शेवटचा रकाना 12 आठवड्यांनंतरच्या तपासणीचा. तो रकाना लाल शाईने आखा. सप्टेंबरमध्ये वही उघडून फक्त तेवढाच बघायचा आणि जिथे कोरा आहे त्या घरी जायचं. या शेवटच्या तपासणीत निगेटिव्ह आलेल्याला लेखी कागद द्या, आणि तो रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. बोटाची चाचणी त्याची पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, त्यामुळे दुसऱ्या दवाखान्यात कुणी घाबरवलं तर हा कागद दाखवायचा. ज्यांचं यकृत वाळलंय त्यांच्या नावापुढे दर सहा महिन्यांची सोनोग्राफी लिहा, विषाणू गेला तरी. आणि सगळ्यांना सांगा, पुन्हा तशीच सुई घेतली तर पुन्हा लागण होते, या आजाराची लस नाही.

आमची वही सध्या उपकेंद्राच्या कपाटात आहे. किल्ली सिस्टरकडे असते, दुसरी माझ्याकडे.