क्यूएमएलमध्ये नग कमी-जास्त करायचं बटण कसं बनवावं

एक्सेलच्या शीटमध्ये 'एकूण'च्या खणात सूत्र असतं. कुणीतरी घाईत त्या खणात थेट आकडा टाइप करतं. तेव्हा सगळं बरोबरच दिसतं. दुसऱ्या दिवशी वरचा दर बदलला की 'एकूण' मात्र ढिम्म हलत नाही, आणि सूत्र कधी पुसलं गेलं हे कुणाला आठवत नाही. क्यूएमएलमध्ये घटक बनवताना नव्वद टक्के डोकेदुखी हीच असते, असं मी अनुभवाने सांगतो.

क्यूएमएल ही क्यूटी या साधनसंचातली पडदे मांडायची भाषा. (मूळ नॉर्वेचे लोक 'क्यूट' म्हणतात, आपण क्यू-टी म्हणतो, चालतं.) ती 2010 मध्ये क्यूटी 4.7 सोबत आली. त्या काळी क्यूटी नोकियाकडे होतं, त्यामुळे सुरुवातीच्या उदाहरणांवर फोनच्या पडद्याची छाप आहे. आज लिनक्स संगणकांवर वापरला जाणारा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप बराचसा याच भाषेत लिहिलेला आहे. इथे 'आधी खिडकी उघड, मग बटण ठेव, मग त्याचा रंग बदल' अशा पायऱ्या लिहायच्या नसतात. कशाचा कशाशी काय संबंध आहे तेवढं सांगायचं: या चौकटीची रुंदी आतल्या मजकुराएवढी, हे बटण चालू केव्हा तर नग शून्यापेक्षा जास्त असतील तेव्हा. एक बाजू बदलली की दुसरी आपोआप बदलते. या जोडणीला बाइंडिंग म्हणतात.

आपण दुकानाच्या बिलात लागतो तसा घटक करू: डावीकडे वजा, मधे आकडा, उजवीकडे अधिक. असाच आकडा कमी-जास्त करणारा तयार घटक, स्पिनबॉक्स, मिळतो हे खरं, पण शिकायला हा घटक उत्तम, कारण सगळे खड्डे यात एकाच जागी सापडतात. लेखात नावं देवनागरीत, बोलतो तशी दिली आहेत. फाईलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायची.

पहिली पायरी: फाईल. क्यूटी 6 आणि क्यूटी क्रिएटर (क्यूटीचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बसवा. एका फोल्डरमध्ये दोन फाईली करा, 'मेन' आणि 'नगमोजणी', दोन्हींचं शेपूट क्यूएमएल. दुसऱ्या फाईलचं पहिलं अक्षर मोठं हवं. त्या मोठ्या अक्षरामुळेच ती फाईल नवा घटक म्हणून ओळखली जाते, वेगळी नोंदणी लागत नाही. मेन फाईल टर्मिनलमधून 'क्यूएमएल' या आज्ञेने थेट चालवता येते.

दुसरी पायरी: आधी गोल बटण. बहुतेक धड्यांत एक रेक्टँगल (आयत) काढून त्यावर माउसएरिया, म्हणजे क्लिक टिपणारी अदृश्य चौकट, पसरतात आणि 'झालं बटण' म्हणतात. डेस्कटॉपसाठी हे करू नका. टॅब दाबून तिथे पोचता येत नाही, स्पेसने ते दाबलं जात नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते बटण आहे हेच कळत नाही. 'अ‍ॅबस्ट्रॅक्टबटन' घ्या. वागणूक सगळी त्याची, रूप फक्त आपलं. त्याच्या 'बॅकग्राउंड'मध्ये गोल कडांचा रेक्टँगल आणि 'कंटेंटआयटम'मध्ये टेक्स्ट द्या. 'व्हिज्युअलफोकस' खरं असेल तेव्हा कड दोन पिक्सेल जाड करा. कीबोर्डने आलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते दिसायला हवं. 'ऑटोरिपीट' चालू ठेवा, म्हणजे बटण दाबून धरलं की आकडा पळत राहतो. रंग हाताने लिहू नका, 'पॅलेट'मधून, म्हणजे शैलीने ठरवलेल्या रंगांतून, घ्या. आणि वजाच्या जागी कीबोर्डवरची आडवी रेघ टाकू नका, ती अधिकच्या शेजारी केविलवाणी दिसते. खरं वजाचिन्ह (−) वापरा.

इथे एक इशारा. विंडोज आणि मॅकवर क्यूटी 6 स्वतःहून त्या-त्या यंत्रणेची शैली उचलतं, आणि ती शैली बॅकग्राउंड बदलू देत नाही. टर्मिनलवर तक्रार उमटते, पडद्यावर भलतंच दिसतं. यावर उपाय म्हणजे फाईलच्या सुरुवातीच्या इम्पोर्टच्या ओळीत क्यूटीक्विक कंट्रोल्सच्या पुढे 'बेसिक' लिहून ती साधी शैली मागून घेणं.

तिसरी पायरी: मापं. नगमोजणी फाईलच्या मुळाशी एक 'आयटम' ठेवा आणि त्याला 'मूळ' असा आयडी द्या. आत 'रो', तिचा आयडी 'ओळ', आणि त्या ओळीत बटण, लेबल, बटण. मग मुळाशी दोन संबंध लिहा:

इम्प्लिसिटविड्थ: ओळ.इम्प्लिसिटविड्थ
इम्प्लिसिटहाइट: ओळ.इम्प्लिसिटहाइट

म्हणजे घटक फक्त एवढं सांगतो की 'मला सुखाने बसायला इतकी जागा लागते'. प्रत्यक्ष जागा किती द्यायची आणि कुठे, हे त्याला वापरणारा पडदा ठरवेल. घटकाच्या मुळाशी 'पेरेंट.विड्थ' (बाहेरच्या चौकटीची रुंदी) किंवा अँकर्स (बाहेरच्या चौकटीच्या कडांना बांधणाऱ्या जोडण्या) दिसले की समजावं, पाहुणा यजमानाच्या घरातलं फर्निचर हलवतोय.

मापं आकड्यात ठोकू नयेत याचं मराठीत खास कारण आहे. इंग्रजी 'सेव्ह' मावेल एवढ्या रुंदीत 'जतन करा' मावत नाही. उंची इंग्रजी अक्षरांवरून बांधलेली असेल तर 'पूर्ती'तला रफार आणि दीर्घ ऊकार चौकटीबाहेर डोकावतात. माप मजकुरावरून निघू द्या, म्हणजे भाषा बदलली तरी घटक सावरून घेतो.

मधल्या आकड्याचं मात्र उलट. 9 चे 10 झाले की लेबल रुंदावतं आणि अधिकचं बटण बोटाखालून सरकतं. तिथे 'टेक्स्टमेट्रिक्स'ला सगळ्यात मोठा आकडा देऊन त्याची रुंदी मोजा आणि लेबलला कायम तेवढीच रुंदी द्या. आकडे देवनागरीत हवे असतील तर 'टूलोकॅलस्ट्रिंग'ला मराठी लोकॅल (भाषा-प्रदेशाची मांडणी) द्या, पण सोबत स्वरूप 'एफ' आणि दशांश शून्य असंही सांगा. नाहीतर पाच नगांऐवजी ५.०० दिसेल.

चौथी पायरी: आकडा कुणाचा? आता एक्सेलच्या खणाकडे परत. घटकात तीन पूर्णांक गुणधर्म ठेवा: नग, किमान, कमाल. नगाच्या आधी 'रिक्वायर्ड' लिहा, म्हणजे ते द्यायचं विसरल्यास सुरुवातीलाच चूक दिसेल. मेन फाईलमध्ये खरा आकडा सांभाळणारी एक वस्तू ठेवा, तिचा आयडी 'बिल'. मग घटक वापरताना लिहायचं:

नग: बिल.नग

मोह असा होतो की अधिकच्या 'ऑनक्लिक्ड'मध्ये 'मूळ.नग = मूळ.नग + 1' लिहावं. चालतंही. पण त्या बरोबरच्या चिन्हाने बाहेरची जोडणी कायमची तुटते, सूत्राच्या खणात आकडा टाइप केल्यासारखी. माझ्याच एका बिलाच्या प्रोग्रॅममध्ये 'रद्द करा' दाबल्यावर रक्कम शून्य व्हायची आणि नगांच्या जागी 4 तसाच राहायचा. मी दोन संध्याकाळी रक्कम मोजणाऱ्या कोडवर संशय घेत बसलो होतो.

तेव्हा घटकाने आकडा स्वतः बदलायचाच नाही, फक्त मागणी करायची. 'नगबदलला' असा सिग्नल (काहीतरी घडलं हे बाहेर कळवणारी हाक) जाहीर करा, सोबत नवा आकडा पाठवा. (सिग्नलचं नाव 'नगचेंज्ड' ठेवू नका, ते क्यूएमएलने गुणधर्मासाठी आधीच घेतलेलं असतं.) अधिक दाबल्यावर 'मूळ.नगबदलला(मूळ.नग + 1)'. मेन फाईलमध्ये तो ऐकून 'बिल.नग' बदला. मूळ खण बदलला, सूत्र शाबूत राहिलं, आणि घटकातला आकडा आपोआप ताजा झाला. बटणांच्या मर्यादाही संबंध म्हणूनच लिहा. वजाला 'इनेबल्ड: मूळ.नग > मूळ.किमान', अधिकला कमालचं तसंच.

तरीही कुठे जोडणी तुटतेय असा संशय आला, तर क्यूटीत 'क्यूटी.क्यूएमएल.बाइंडिंग.रिमूव्हल' नावाचा लॉग आहे. तो चालू केला की कुठल्या ओळीने कुठली जोडणी पुसली ते टर्मिनलवर छापून येतं. त्या दोन संध्याकाळींनंतर मला तो सापडला.

पाचवी पायरी: छळ करून पाहणं. एकाच पडद्यावर तीन नगमोजण्या ठेवा, त्यातल्या दोन एकाच 'बिल.नग'ला जोडा, एक दाबली की दुसरी हलली पाहिजे. फॉन्ट दुप्पट करा. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि स्पेसने पूर्ण बिल करून पाहा. किमानवर पोचल्यावर वजा फिकट होतं का ते बघा. 'इनेबल्ड'प्रमाणे रंग बदलायचं काम आपल्याच टेक्स्टमध्ये लिहावं लागतं आणि ते हमखास राहतं. दोन्ही बटणांना 'अ‍ॅक्सेसिबल.नेम' द्या, 'नग वाढवा' आणि 'नग कमी करा', नाहीतर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नुसतं चिन्हाचं नाव उच्चारेल. शेवटी मेन फाईलमध्ये 'बिल.नग' शून्य करणारं 'रद्द करा' बटण ठेवून ते दाबा आणि आकड्याकडे नजर ठेवा.