अल्बर्टात जुना पिकअप घेताय? आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनला नवीन आलेला मराठी माणूस एक तर डोक्यावर कर्ज करून नवीकोरी एसयूव्ही घेतो, नाहीतर कुणाच्या तरी अंगणात उभा असलेला पंधरा वर्षं जुना पिकअप ट्रक. हे लिहितोय ते दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी. पहिल्यांनी हप्ते भरत राहावं.

लायसन्स, इन्शुरन्स, विंटर टायर यांवर सल्ले देणारे मराठी मंडळात पोत्याने भेटतील. ग्रिलमधून लोंबणारी प्लगवाली वायर तुटलेली नाही, ती ब्लॉक हीटरची, म्हणजे थंडीत इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची. पारा उणे पंधराच्या खाली गेला की रात्री लावा. झालं.

आता पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत, उतरतोच. त्यात धूर असतो, न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. पूर्वी हे सगळं एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. १९६०च्या दशकात अमेरिकेत ते बंद झालं आणि इंजिननेच तो वायू परत ओढून जाळायचा, अशी सोय आली. किती ओढायचा हे ठरवणारा हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह. उघडा अडकला तर इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद अडकला तर खरं दुखणं.

कारण इथली थंडी. घर ते एलआरटीचं (इथली शहरी रेल्वे) स्टेशन एवढीच गाडी चालवली तर इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ उडून जात नाही. ऑइल कॅप उघडा, आतून दह्यावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसेल. तो पाहून लगेच हेड गॅस्केट (कूलंट आणि तेल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील) गेलं म्हणून घाबरू नका. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर ते बहुधा साचलेलं पाणीच. पण उणे तीसला हेच पाणी व्हॉल्व्हमध्ये आणि पाइपात गोठतं, आतला दाब वाट शोधतो आणि रिअर मेन सीलमधून तेल बाहेर काढतो. ते सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि इथे मजुरी तासावर.

आपल्या लोकांचं तंत्र ठरलेलं: तेल गळलं की खाली पुठ्ठा सरकवायचा. ओळखीतल्या एका मुलाने पुठ्ठ्यावर हिवाळा काढला, मग हजारावर डॉलर मोजून सील बदलून घेतलं. काही आठवड्यांत पुठ्ठा परत ओला. व्हॉल्व्ह जुनाच होता, कुणी हातही लावला नव्हता. म्हणून सांगतो, सीलच्या आधी व्हॉल्व्ह. गॅरेजवाला काहीही म्हणो, सीलच्या आधी व्हॉल्व्ह.

काढायचा कसा? आधी मॅन्युअलमध्ये जागा बघा. काही इंजिनांत वेगळा व्हॉल्व्ह नसतोच, व्हॉल्व्ह कव्हरमध्ये (इंजिनच्या वरच्या झाकणात) नुसतं बारीक भोक असतं. काहींत तो फिरवून निघतो. बऱ्याच जुन्या ट्रकांत रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणारी रबराची कडी) दाबून बसवलेला असतो, आणि तोच अडकतो, कारण उष्णतेने रबर लाकडासारखं कडक होतं. गारठलेल्या इंजिनवर हे काम करूच नका, प्लास्टिक कटकन तुटतं. गाडी थोडी चालवा, बंद करा, हात लावता येईल इतकी निवू द्या. पाइपाची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. पाइप ओढायचा नाही, आधी जागच्या जागी फिरवायचा, सुटला की निघतो. व्हॉल्व्हही तसाच, डावीकडे-उजवीकडे हलवत वर घ्या. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं तर कव्हर चिरतं. अगदीच हलेना तर ग्रोमेटच ब्लेडने कापा, ते नाहीतरी बदलायचंच आहे. फक्त तुकडे आत पडू देऊ नका. व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरून कापलं की काम सोपं होतं.

निघालेला व्हॉल्व्ह कानाशी हलवा. आत दांडी असलेला असेल तर खुळखुळायला हवा. मुका असेल तर फेका. कार्ब क्लीनरने धुऊन परत बसवायचा काटकसरीपणा करू नका. नवा स्वस्त मिळतो आणि प्लास्टिकचा असेल तर तो क्लीनर त्यालाच खातो. पाइप दाबून बघा. मऊ पडून चिकटत असेल तर तोही बदला, पण तेलाच्या वाफेला टिकणारा, पीसीव्हीसाठीचाच घ्या. हीटरचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून तोडून लावणारे महाभाग आहेत, तो आतून फुगून बंद होतो.

नव्या ग्रोमेटला इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा. व्हॉल्व्ह पाइपाला जोडा, पण ग्रोमेटमध्ये घालण्याआधी इंजिन सुरू करून मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढलं नाही तर पाइप पुढे कुठेतरी तुंबलाय, तो इनटेक मॅनिफोल्डपर्यंत (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांपर्यंत) तपासा.

बऱ्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून काम चालत नाही, तेव्हा घराला गॅरेज असलेला मित्र धरा. हे काम सप्टेंबरात उरका, आणि हिवाळाभर आठवड्यातून एकदा तरी अँथनी हेंडे या रिंग रोडवर अर्धा-पाऊण तास ट्रक पळवा. मागे बायकोचं सामान भरून पळवलात तरी चालेल.