ठाण्याहून मनालीला घर हलवताना: पॅकर्स-मूव्हर्स कसे ठरवावेत

ठाण्याहून मनाली साधारण १,९०० ते २,००० किलोमीटर. त्यातला चंदीगडपर्यंतचा रस्ता कुठलाही बरा मूव्हर सहज पार करतो. सामान अडकतं, फुटतं किंवा मध्येच जादा पैसे मागितले जातात ते पुढच्या डोंगरातल्या सुमारे तीनशे किलोमीटरमध्ये, आणि त्यातही शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये. म्हणून कोटेशन हातात आलं की ते शेवटाकडून वाचा. ट्रक नेमका कुठे थांबणार? तिथून दारापर्यंत सामान कोण आणणार? बर्फ पडला तर ते कुठे ठेवणार आणि त्याचे पैसे कोण भरणार? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं देत नाही तो मूव्हर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

महिना कोणता

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे. गावात बर्फ साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पडतो, कधी मार्चमध्येही. पण नुसता हिवाळा टाळून भागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मंडी, पंडोह, औट या टप्प्यात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये ब्यास नदीच्या पुराने कुल्लू-मनाली रस्ता जागोजागी तोडला होता. मेच्या उत्तरार्धापासून जूनभर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, त्यात ट्रक तासन्‌तास अडकतो. उरतात दोन चांगल्या खिडक्या: एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. घराच्या ॲग्रीमेंटची तारीख यात बसवता आली तर अर्धं काम झालं.

शरद ऋतूत जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर हिमाचलचं सफरचंद वाशीच्या एपीएमसीत येतं. तो माल आणणारा, एचपी नंबरचा ट्रक परतीच्या भाड्याने मिळतो का, हे मूव्हरला विचारा. मिळाला तर भाडं कमी होऊ शकतं, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे ड्रायव्हरला घाट माहीत असतो. मात्र असा ट्रक बहुधा उघडा, ताडपत्रीचा असतो. फळ्या धुऊन वाळवलेल्या आहेत का ते पाहा आणि तळाला जाड प्लास्टिक अंथरायला सांगा.

डिसेंबर-जानेवारीतच जायचं असेल तर सामान भरण्याच्या दिवसाचा हवामान अंदाज फारसा उपयोगाचा नाही. स्वतंत्र ट्रकला चंदीगड गाठायला तीन-चार दिवस लागतात. ज्या दिवशी ट्रक कीरतपूरहून डोंगरात शिरेल त्या दिवसाचा, भारतीय हवामान विभागाच्या शिमला केंद्राचा अंदाज बघायचा. त्यात ऑरेंज अलर्ट असेल तर ट्रक खाली मैदानातच थांबवा. कुल्लूच्या पुढे जाऊन रस्त्याकडेला अडकलेल्या ट्रकपेक्षा चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या गोडाऊनमधलं सामान कितीतरी सुरक्षित असतं.

सर्व्हे आणि गाडी

फोनवर "टू बीएचके आहे" एवढं ऐकून दर सांगणाऱ्यावर विसंबू नका. माणूस घरी येऊ दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी आणि बेडचे बॉक्स उघडून दाखवा. दर नंतर वाढतो तो बहुतेक वेळा माळ्यावरच्या सामानामुळे. मनालीच्या टोकाचा सर्व्हेही तितकाच गरजेचा आहे, आणि तो सहसा कोणी मागत नाही. घरमालकाला सांगा की रस्त्यापासून दारापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा. गल्ली किती फूट रुंद आहे, पायऱ्या किती, चढ किती, वळणावर वर विजेच्या तारा आहेत का, हे त्यात दिसलं पाहिजे. जुनी मनाली आणि वशिष्ठच्या गल्ल्यांत मोठा ट्रक जात नाही. लाकूड-दगडाच्या जुन्या काठकुणी घरांचे दरवाजे ठेंगणे आणि जिने अरुंद असतात. तिथे सात फुटी सोफा किंवा हायड्रॉलिक बॉक्सचा अखंड बेड आत जात नाही. दाराची उंची-रुंदी मागवा आणि टेप घेऊन आपल्या फर्निचरवर मोजून बघा. जे बसत नाही ते ठाण्यातच विका.

गाडीचा हिशोब घनफुटांत करा. चौदा फुटी आयशरची बॉडी धरा सुमारे १४ × ६ × ६, म्हणजे जेमतेम ५०० घनफूट. बेताच्या टू बीएचकेला ती पुरते, बाईक असेल तर सतरा फुटी लागते. वन बीएचके टाटा चारशेसात या छोट्या ट्रकमध्ये दाटीवाटीने बसतं, पण दाटीवाटी घाटात महागात पडते.

पार्ट लोड स्वस्त असतो, कारण तुमचं सामान इतरांच्या सामानाबरोबर जातं. पण ते भिवंडीच्या गोडाऊनला उतरतं, मग दिल्ली किंवा चंदीगडला, आणि शेवटी पिकअपमध्ये. प्रत्येक वेळी वेगळे हमाल, आणि आपटण्याची नवी संधी. काचेची कपाटं, टीव्ही आणि जुनं शिसवी फर्निचर असेल तर स्वतंत्र गाडीच घ्या. नुसती पुस्तकं, भांडी आणि कपडे असतील तर पार्ट लोड चालेल.

कागद

कोटेशनमध्ये पॅकिंग, भराई, भाडं, टोल, उतराई, मनालीतली छोटी गाडी, पायऱ्यांचे जादा पैसे, हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे), विमा आणि जीएसटी अशा वेगवेगळ्या ओळी हव्यात. "सर्व समावेशक" असा एकच आकडा म्हणजे नंतरच्या वादाला आमंत्रण. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का बघा, कारण नामांकित कंपन्यांशी मिळत्याजुळत्या नावांच्या बनावट कंपन्या बऱ्याच आहेत. 'कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७' खाली वाहतूकदाराची नोंदणी लागते, त्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ॲडव्हान्स दहा-वीस टक्के, मोठा हप्ता सामान भरल्यावर, आणि निदान पाव रक्कम मनालीत सामान मोजून घेतल्यावर. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला नकार द्या. सामान वाटेत अडवून पैसे उकळण्याचे प्रकार होतात, तेव्हा हाती राखलेली ती पाव रक्कमच कामी येते.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. तरी "स्वतःच्या वापराचं जुनं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही" असं सहीचं पत्र आणि सामानाची यादी ड्रायव्हरजवळ द्या. तपासणी नाक्यावर वेळ वाचतो. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर (एलआर), गाडीचा खरा नंबर, नगांची संख्या आणि जाहीर किंमत असायलाच हवी. जादा दर भरून जास्तीची जोखीम लिहून घेतली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि जाहीर किमतीच्या आतच राहते. म्हणजे वीस हजारांच्या भाड्यावर दोन लाखांपर्यंतच.

विम्याबाबत नीट विचारा. मूव्हर "एफओव्ही" (फ्रेट ऑन व्हॅल्यू) म्हणून सामानाच्या किमतीच्या साधारण दीड ते तीन टक्के घेतो, पण पुष्कळदा ते त्याचं स्वतःचं आश्वासन असतं, विमा कंपनीची पॉलिसी नसते. पॉलिसीचा क्रमांक असलेला कागद गाडी निघण्यापूर्वी हातात हवा. बर्फ, पूर, दरड आणि उशीर यांबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते स्वतः वाचा.

आणि बर्फाचं कलम. ते करारात या शब्दांत घालून घ्या:

"कुल्लू ते मनाली रस्ता बर्फ, दरड किंवा प्रशासनाच्या बंदीमुळे बंद असल्यास सामान बंदिस्त गोडाऊनमध्ये ठेवले जाईल. गोडाऊनचा पत्ता त्याच दिवशी कळवला जाईल. पहिले ___ दिवस विनाशुल्क, त्यानंतर प्रतिदिन ___ रुपये. मोठी गाडी दारापर्यंत जाऊ न शकल्यास छोट्या गाडीचे ___ रुपये व पायऱ्यांचे ___ रुपये एवढेच आकारले जातील. सामान उघड्या गाडीत रात्रभर ठेवले जाणार नाही."

मोकळ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका. हिवाळ्यात छोटी गाडी फोर बाय फोर आणि चेन असलेली हवी, हेही लिहून घ्या.

काय न्यायचं, कसं बांधायचं

स्प्लिट एसी मनालीत काय कामाचा? काढण्या-लावण्याचा खर्चही वाचेल, इथेच विका. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चालत नाही. एजन्सीकडे सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या.

फ्रिजचा विचार नीट करा. आपल्याकडचे बरेच फ्रिज 'टी' हवामान वर्गाचे असतात, ते १६ ते ४३ अंशांच्या खोलीसाठी बनवलेले. खोलीच आठ अंशांवर असेल तर खालच्या कप्प्याचा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर चालूच करत नाही आणि फ्रीझरमधला बर्फ वितळायला लागतो. मागच्या लेबलवर वर्ग बघा. 'एसएन' असेल तर दहा अंशांपर्यंत चालतो. न्यायचाच तर २४ तास आधी बंद करून दार उघडं ठेवून वाळवा आणि गाडीत उभाच ठेवा.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. वॉशिंग मशिनच्या पंपात, इनलेट पाइपात किंवा आरओच्या मेम्ब्रेनमध्ये राहिलेलं वाटीभर पाणी रात्रीच्या थंडीत भाग फोडतं. फ्रंट लोड मशिनचं खालचं फिल्टर उघडून पाणी काढा, आणि ड्रमचे ट्रान्झिट बोल्ट परत लावा. ते हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरकडून मागवा, कारण घाटात मोकळा ड्रम सस्पेन्शन तोडतो. इन्व्हर्टरची बॅटरी न्यायला मूव्हर तयार असेल तर पूर्ण चार्ज करूनच द्या. उतरलेल्या बॅटरीतलं पाणीदार ॲसिड शून्याखाली काही अंशांतच गोठतं, भरलेल्या बॅटरीतलं नाही.

लोणच्याच्या बरण्या, खोबरेल तेल, शाम्पू हे वेगळ्या खोक्यात ठेवा. इतक्या उंचीवर हवेचा दाब ठाण्यापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे आत कोंडलेली हवा फुगून पंपाच्या बाटल्या गळतात. पंप काढून साधं झाकण लावा, बरणीचं तोंड प्लास्टिकने बांधा. तबला असेल तर गठ्ठे उतरवून वादी सैल करा. ताणलेली पुडी डोंगरातल्या कोरड्या हवेत आक्रसून फाटते.

लाकडाचंही तेच. ठाण्याच्या दमटपणात फुगलेलं लाकूड हीटर लावलेल्या खोलीत आकसतं आणि सांधे उघडतात. भरीव लाकडी फर्निचर स्ट्रेच फिल्ममध्ये घट्ट आवळू नका, आतली ओल आतच राहून बुरशी धरते. आधी कोरुगेटेड कागद, मग ब्लँकेट, फिल्म फक्त कोपऱ्यांवर. पार्टिकल बोर्डचं कपाट उघडलं की स्क्रूची भोकं सैल होतात, दुसऱ्यांदा ते तसं घट्ट बसत नाही. पाच-सहा वर्षं जुनं असेल तर नेऊ नका. काचेला आणि टीव्हीला लाकडी क्रेट. खोकी फाइव्ह प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची हवीत. काही टेपांचा गोंद थंडीत कडक होऊन सुटतो, म्हणून प्रत्येक खोक्याला वरून प्लास्टिकची पट्टी आवळून घ्या.

भराई

सोसायटीची एनओसी, लिफ्टचं बुकिंग आणि शिफ्टिंगची वेळ आठवडाभर आधी ठरवा. पोडियमच्या गेटची उंची मोजा, चौदा फुटी गाडी अडू शकते. ठाण्यात अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा बदलत राहतात, त्यामुळे वाहतूक शाखेची ताजी अधिसूचना बघूनच गाडीची वेळ सांगा. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतून उतरवायचं असेल तर दोन माणसं जादा घ्या.

जड नग केबिनच्या बाजूला आणि तळाला भरायचे, मध्ये दर चार-पाच फुटांवर रॅचेट बेल्टने आडवं बांधायचं. सगळं मागच्या दाराशी एकाच दोरीने बांधलं तर चढावर पूर्ण भार मागे सरकतो. भरून झाल्यावर फोटो काढा, म्हणजे वाटेत गाडी बदलली तर कळेल.

मनालीत उतरवताना

हिवाळ्यात सकाळी रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर असतो, तो दिसत नाही. ऊन पडून तो वितळेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, उतराई सुरू करू नका आणि तीन-साडेतीनला संपवा. आदल्या दिवशी घरमालकाला पायऱ्यांवरचा बर्फ काढून खडे मीठ टाकायला सांगा. गोणपाटाचे तुकडे बरोबर ठेवा, पायऱ्यांवर अंथरले की हमालाचा पाय घसरत नाही.

टीव्ही, कॉम्प्युटर, मिक्सर घरात आणल्याबरोबर उघडायचा मोह आवरा. गार वस्तूवर खोलीतल्या उबदार हवेतली वाफ जमते आणि सर्किटवर पाणी धरतं. पॅकिंगसकट खोलीत किमान बारा तास, टीव्ही असेल तर चोवीस तास ठेवा. मगच प्लग लावा. फ्रिजही उभा ठेवून काही तासांनी.

नगांची यादी हातात धरून मोजा. फुटलेलं, ओलं किंवा कमी जे असेल ते ड्रायव्हरच्या बिल्टीच्या प्रतीवर लिहा, फोटो काढा, मगच सही. "नंतर कळवा" यावर सही देऊ नका. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला मिळायला हवी. ही मुदत डिलिव्हरीपासून मोजली जात नाही, त्यामुळे गोडाऊनमध्ये पडून राहिलेले दिवसही त्यातच जातात. मूव्हर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यासाठी ठाण्याला परत यावं लागत नाही.