बुडापेस्टच्या गरम पाण्यात एक अख्खा दिवस कसा काढावा

गेल्या फेब्रुवारीत आई डोंबिवलीहून माझ्याकडे आली. "इथे गरम पाण्याची कुंडं आहेत, तुला नेते," असं मी म्हणाले, तर तिचा पहिला प्रश्न होता, "तिथे देऊळ कुठलं आहे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे गरम पाणी म्हटलं की वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली. एसटीतून उतरायचं, कुंडात उतरायचं, ओल्या अंगाने कुडकुडत साडी बदलायची आणि देवीचं दर्शन घेऊन परत. पाणी हा यात्रेतला एक टप्पा. बुडापेस्टला देऊळ नाही, दर्शन नाही, पाणी हेच सगळं. "मग लोक दिवसभर नुसते बसतात?" आईने विचारलं. हो, नुसते बसतात. पण नुसतं बसणं आपल्या लोकांना जमत नाही, हे मी इथे सहा वर्षं पाहुणे नेऊन नेऊन पाहिलं आहे. तासाभरात सगळे तलाव 'करून' लोक बाहेर येतात आणि म्हणतात, आता पुढे काय? म्हणून हे लिहितेय.

आधी जागा ठरवा. शहरात गरम पाण्याचे शंभरावर झरे आणि विहिरी आहेत, स्नानगृहंही बरीच. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी सेचेन्यीलाच नेते. पिवळ्या रंगाचा राजवाड्यासारखा वाडा, 1913 साली सुरू झालेला. आत पंधरा आणि उघड्यावर तीन असे अठरा तलाव, म्हणजे दिवस काढायला पुरेसे. रुदाश हे सोळाव्या शतकातलं तुर्की स्नानगृह. घुमटाखाली अष्टकोनी तलाव, अंधूक उजेड. सुंदर आहे, पण घुमटाखालच्या त्या जुन्या भागात बायकांचे आणि पुरुषांचे वार वेगवेगळे असतात, तेव्हा जोडीने जाणार असाल तर वार बघूनच निघा. लुकाच गावातल्या लोकांचं. तिथल्या अंगणाच्या भिंतीवर बऱ्या झालेल्या रोग्यांनी लावलेल्या आभाराच्या संगमरवरी पाट्या आहेत. आईला त्या फार आवडल्या. "नवस फेडलाय गं लोकांनी," म्हणाली. गेलर्टचं नाव कुणी सांगितलं असेल तर तूर्त विसरा, 2025च्या ऑक्टोबरपासून ते दुरुस्तीसाठी बंद आहे.

सेचेन्यीला आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी तिकीटही महाग आणि पाण्यात बसायला कोपरा मिळत नाही तो वेगळाच. तिकीट दहा हजार फोरिंटच्या पुढे आहे. आकडा ऐकून दचकू नका, ढोबळ हिशेब म्हणून चाराने भागा, म्हणजे रुपये. घरूनच ऑनलाइन काढा आणि काढताना लॉकर न घेता कॅबिन घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण कॅबिन म्हणजे दार लावून कपडे बदलता येतील अशी तुमची खोली, दिवसभर. लॉकर घेतलात तर कपडे बदलायला सामायिक जागा. आई बरोबर असेल तर यावर विचारसुद्धा करू नका. मुलं बरोबर असतील तर मात्र वयाची अट तिकीट काढण्याआधी वाचा.

जायचं मेट्रोने, पिवळ्या एक नंबरच्या लाइनने. ही 1896 साली सुरू झाली. युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी भुयारी मेट्रो आहे ही, पण डबे इतके छोटे की आपल्या लोकलचा माणूस हसतो. रस्त्याच्या जेमतेम खाली धावते, त्यामुळे एक लहानसा जिना उतरलं की फलाट. गुडघेवाल्यांची सोय. स्टेशनचं नावच सेचेन्यी फ्युर्दो, वर आलात की समोर पिवळी इमारत.

आता पिशवी. रबरी चपला, कारण ओल्या फरशीवर अनवाणी चालणं म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण. दोन टॉवेल, एक अंग पुसायला आणि एक बाकावर टाकायला. थंडीत गेलात तर अंगावर घ्यायला बाथरोब आणि लोकरीची कानटोपी. हो, पाण्यात बसताना घालायला. पाण्याची बाटली. मधल्या लांबट तलावात पोहायचं असेल तर पोहण्याची टोपी सक्तीची आहे. नुसतं डुंबायला लागत नाही.

आणि पोहण्याचे कपडे. इथे आमचं दोन दिवस घोडं अडलं होतं. आईचं म्हणणं, सलवार-कमीज घालून बसते, कोण बघतंय? पण सुती कपड्याने पाण्यात उतरता येत नाही, पोहण्याच्याच कापडाचा पोशाख हवा. शेवटी डेकॅथलॉनमध्ये गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा एक निळा पोशाख मिळाला. तो घरी घालून ती आरशासमोर दहा मिनिटं उभी राहिली आणि "तुझ्या बाबांना फोटो पाठवायचा नाही," अशी तंबी दिली. प्रत्यक्ष तिथे गेल्यावर तिच्याहून वयाने मोठ्या, तिच्याहून जाड बायका बिकिनीत निवांत चालत होत्या. आईने पाच मिनिटं तिरक्या नजरेने पाहिलं आणि मग तिचा संकोच जो गेला तो गेलाच. तुमच्या आईला, सासूला नेणार असाल तर पोशाखाची खरेदी आदल्या आठवड्यात उरका. त्या दिवशी सकाळी हा विषय काढू नका.

दारात मनगटावर घड्याळासारखा पट्टा देतात. तोच तिकीट, तोच कॅबिनची किल्ली. कॅबिनचा नंबर लक्षात ठेवा आणि जिथून आत शिरलात ते दारही. ही इमारत म्हणजे चक्रव्यूह आहे, सहा वर्षांनीही मी चुकते. चार शब्द शिकून ठेवा: न्योई म्हणजे बायका, फेर्फी म्हणजे पुरुष, मेलेग म्हणजे गरम, हिदेग म्हणजे गार. पहिले दोन पाठ नसतील तर शोभा होते.

पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करा, मग आतल्या तलावांपासून सुरुवात करा. प्रत्येक तलावापाशी तापमान लिहिलेलं असतं. ते वाचत, कोमटाकडून गरमाकडे जा. पंधरा ते वीस मिनिटं, मग बाहेर. हा नियम मोडू नका. मी पहिल्याच वर्षी मोडला होता. जानेवारीची संध्याकाळ, 38 अंशांचं पाणी, डोक्यावर बर्फ भुरभुरतोय, उठवेना. दीड तास बसले. उठून पायरीवर पाय ठेवला आणि डोळ्यांपुढे काळोख. एका अनोळखी आजींनी दंड धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग हंगेरियनमध्ये चांगलं खडसावलं. शब्द एक कळला नाही, पण सूर थेट माझ्या आत्याचा होता. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उभं राहिलं की चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचं काही असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आईच्या डॉक्टरांनी डोंबिवलीहून फोनवर सांगितलं, कोमटात बसा, गरमात दहाच मिनिटं, सॉना (तापवलेल्या खोलीत घाम काढत बसणं) नको. आम्ही तेवढंच केलं.

पाण्याला अगदी पुसट गंधकाचा वास येतो. आईने ओंजळ नाकाशी नेली आणि म्हणाली, "वज्रेश्वरीचंच आहे." एका अर्थी खरंच आहे. दोन्हीकडे पावसाचं पाणी फटींतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि फटींतूनच वर येतं. फरक असा की बुडापेस्टखाली पृथ्वीचं कवच पातळ आहे, त्यामुळे उष्णता वर लवकर भेटते. दॅन्यूब नदीच्या पलीकडे, शहराच्या बुडा भागातल्या डोंगरांच्या पायथ्याशी, झरे आपोआप फुटतात. नदीच्या अलीकडच्या काठाला, पेश्त भागाच्या सपाटीवर, मात्र खणावं लागलं. विल्मोश झिग्मोंडी नावाच्या खाणकाम अभियंत्याने 1868 ते 1878 अशी दहा वर्षं खणून 970 मीटरवर 74 अंशांचं पाणी काढलं. पुढे 1938 मध्ये त्याहून खोल दुसरी विहीर खणली, तिचं पाणी 77 अंशांचं. म्हणजे तुम्ही बसता ते पाणी निववून दिलेलं असतं. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांनाही हेच पाणी मिळतं आणि ते तिथे भलतेच खुशीत आहेत. मांडीपर्यंत पाण्यात बसून लोकांकडे बघत असताना मला अधूनमधून त्यांची आठवण येते, आमच्यात फारसा फरक राहिलेला नसतो.

आत दोन-तीन तलाव झाले की बाहेर या. खरी मजा बाहेर आहे आणि त्यातही थंडीत. दार उघडल्यापासून पाण्यापर्यंतची तीस-चाळीस पावलं जिवावर येतात. टॉवेल खुंटीला अडकवायचा, चपला काठाशी काढायच्या आणि मागे न बघता उतरायचं. गळ्यापर्यंत पाणी आलं की तोंडातून आपोआप जो 'हाऽऽ' निघतो, तो सगळ्या भाषांत सारखाच. वाफेमुळे पलीकडचा काठ दिसत नाही, नुसती डोकी तरंगताना दिसतात. याच गरम तलावात आजोबा लोक बुद्धिबळ खेळत असतात, छातीभर पाण्यात उभे राहून, काठावर पट मांडून. बघायला उभं राहिलं तर चालतं. चाल सुचवायची नाही. आईने एकदा "घोडा, घोडा" असं मराठीत पुटपुटलं, तर एका आजोबांनी वळून पाहिलं आणि खरंच घोडा हलवला. त्यांचा डाव पुढे काय झाला ते बघायला आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्या टोकाच्या तलावात गोल फिरणारा प्रवाह आहे. मधूनमधून तो सुरू होतो आणि माणसं भोवऱ्यातल्या पानांसारखी गरागरा वाहत जातात. शाळकरी पोरांसाठी असेल असं वाटतं, पण सगळ्यात जास्त खिदळतात ते पन्नाशीचे. आईला कडेला उभी करून मी एक फेरी मारली, तर परत येईपर्यंत ती स्वतः मध्ये. पकडायला कठडा असतो, भिंतीकडून आत शिरा, मधून नको.

सॉना घ्यायचा असेल तर दुपारनंतर, दहा मिनिटं, आणि लगेच गार पाण्याच्या टाकीत. मी गार पाण्यात कमरेपर्यंतच जाते, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

प्रत्येक दोन डुंबण्यांमध्ये अर्धा तास पडून राहा. टॉवेल गुंडाळून, बाथरोब घालून, आतल्या बाकावर. मोबाइल कॅबिनमध्येच ठेवा. लोक हे पडून राहणंच गाळतात आणि मग म्हणतात, काही विशेष वाटलं नाही. आईला पहिल्या अर्ध्या तासात तीनदा "आता काय करायचं?" असा प्रश्न पडला. दुसऱ्या वेळी ती चक्क घोरली.

भूक सपाटून लागते. आत उपाहारगृह आहे, पण मला बाहेर बागेत येऊन खाणं आवडतं. शाकाहारी माणसाचा इथला आधार म्हणजे लांगोश. आंबवलेल्या मैद्याची मोठी पुरी तळून तिच्यावर लसणीचं पाणी, आंबटसर साय आणि किसलेलं चीज. आईचं मत: भटुराच आहे, फक्त छोले विसरलेत. पण एक अख्खा खाऊन पुन्हा पाण्यात जाऊ नका, दोघांत एक घ्या. मात्र बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत जाता येईल असं धरून चालू नका. आम्ही सकाळी भरपेट पोहे खाऊन गेलो, मध्ये आत नुसता चहा घेतला आणि लांगोश शेवटी, सगळं आवरल्यावर. बागेतल्या बाकावर आईने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडूही काढले, ते कधी भरले होते देव जाणे.

निघताना केस ड्रायरने अगदी कोरडे करा, फेब्रुवारीत ओले केस घेऊन बाहेर पडलात तर मेट्रोपर्यंत काड्या होतात. आणि दागिने घरी ठेवूनच या, विशेषतः चांदीचे. आईने मंगळसूत्र काढून ठेवलं होतं, जोडवी विसरली. कॅबिनमध्ये मोजे चढवताना तिला दिसलं, जोडवी काळी ठिक्कर. ती मटकन बाकावर बसली, अपशकून झाल्यासारखी. पाण्यातलं गंधक चांदीला लागतं, दुसरं काही नाही. रात्री टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन बसलो, पाच मिनिटांत लखलखीत.

संध्याकाळचा दुसरा काहीही बेत ठेवू नका. ना नदीवरची बोट, ना कुणाकडे जेवायला. मुगाची खिचडी सकाळीच कुकरला लावून ठेवा. आम्ही सातला घरी आलो, साडेसातला खिचडी गरम केली आणि आठला मी तूप घेऊन बाहेर आले तेव्हा आई सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती, एका हातात ताट तसंच.