पावसाळ्यात गाडीवरून निथळणारं पाणी गॅरेजमध्ये कसं अडवावं

वाशी, नेरूळ, ऐरोलीची रो-हाउसेस घ्या किंवा घोडबंदर रोडकडचे बंगले, तिथलं गॅरेज नुसतं गाडीचं नसतं. इन्व्हर्टर तिथेच, वॉशिंग मशीन तिथेच, गणपतीच्या मखराचे खोकेही तिथेच. जुलैत भिजलेली गाडी आत घेतली की ती रात्रभर निथळते आणि सकाळी मातकट ओघळ थेट या सामानापर्यंत पोचलेला असतो. यावर गाडीखाली अंथरायची, कडा उचललेली पीव्हीसीची मॅट हा चांगला उपाय आहे, मात्र ती आपल्या हवेला आणि आपल्या फरशीला जुळवून वापरावी लागते.

ही मॅट मुळात बर्फाच्या प्रदेशासाठी आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात गाडीवर बर्फ साचतो. ताजा भुसभुशीत बर्फ वितळला की त्याच्या उंचीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं पाणी होतं. म्हणजे गाडीच्या वरच्या सात चौरस मीटर भागावर दहा सेंटिमीटर बर्फ असेल, तर सत्तर लिटर पाणी गॅरेजमध्ये उतरतं. शिवाय तिथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खारं पाणी काँक्रीट खातं. आपल्याकडे एका वेळी येणारं पाणी फार तर काही लिटर असतं. अडचण वेगळीच आहे: ते दिवसातून दोन-तीनदा येतं, चार महिने येत राहतं आणि दमट हवेमुळे वाळत नाही. मॅट पाणी फक्त एका जागी गोळा करते, ते तिथून काढायचं काम आपलंच. हे रोज करायची तयारी असेल तरच मॅट घ्यावी.

खरेदीआधी फरशीचा ढाळ बघा. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं तरी दिशा कळते. नेमका आकडा हवा असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल-नळी आणा आणि दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक मोजा. फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निचरा होणाऱ्या जाळीकडे, नीट उतार असेल आणि ट्रॅप तुंबत नसेल, तर तुम्हाला मॅटची गरजच नाही. वायपर पुरे.

ढाळाला एवढं महत्त्व का, ते हिशेबाने बघू. साडेसात फूट रुंद, सोळा फूट लांब आणि एक इंच कडेची मॅट अगदी सपाट जागेवर सुमारे 280 लिटर पाणी धरेल. तीच मॅट मीटरला एक सेंटिमीटर ढाळ असलेल्या फरशीवर अंथरली, तर खालच्या कडेवरून पाणी सांडायच्या आधी जेमतेम 70 लिटर मावतं, कारण वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. बर्फाच्या देशात हा मोठा फरक. आपल्याकडे दहा लिटर आलं तरी अशा ढाळावर ते खालच्या कडेशी सेंटिमीटरभरच चढेल. म्हणून दीड-दोन इंची उंच कडेसाठी जास्त पैसे मोजू नका. एक इंच भरपूर आहे.

बहुतेक गॅरेजना ढाळ गेटकडे असतो. म्हणजे पाणी नेमकं त्याच कडेशी साचतं, जिच्यावरून चाकं रोज जातात. ती कड दबते, काही महिन्यांनी फाटते आणि सगळं पाणी तिथूनच निघून जातं. अशा गॅरेजमध्ये मी तरी चारही बाजूंनी बंद मॅट घेणार नाही. भिंतीकडच्या तीन कडा उचललेल्या आणि गेटकडची बाजू मोकळी ठेवली, की सामान कोरडं राहतं आणि पाणी आपोआप बाहेर वाहतं. ढाळ उलटा, घराच्या भिंतीकडे असेल, तर मात्र चारही कडा हव्यात आणि भिंतीकडची सगळ्यात मजबूत हवी.

मापं घेताना गाडीची लांबी धरून पुढे-मागे किमान एकेक फूट वाढवा. बंपरखालून बरंच पाणी गळतं. रुंदीत चाकांच्या बाहेर वीतभर मॅट दिसायला हवी. त्याहून रुंद घेतली तर दार उघडून पाय ठेवायची जागाच ओली होते आणि गुळगुळीत पीव्हीसीवर ओली चप्पल सरकते. घरात आजी-आजोबा असतील, तर उतरायच्या बाजूला खडबडीत रबरी पायपुसणं टाका.

तयार मॅट महाग वाटली तर जाड ताडपत्रीची घरी करता येते. ज्या कडा उचलायच्या त्या आत दुमडून त्यात एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी घाला आणि दुमड शिवून घ्या. कोपरे कापू नका, पाकिटासारखे दुमडून वर बांधा, कापलेला कोपरा गळतोच. काहीजण फोमऐवजी पीव्हीसी पाइप घालतात. भिंतीकडच्या कडांना तो चालेल, पण चाकाखाली तो तडकतो आणि त्याची धार ताडपत्री फाडते.

अंथरायच्या दिवशी फरशी झाडून, धुऊन पूर्ण कोरडी करा. जमलं तर मे महिन्यातच हे उरकून घ्या. एक खडा खाली राहिला तरी टायरच्या वजनाने भोक पडतं. ओल्या फरशीवर मॅट टाकली तर खाली अडकलेली ओल कुबट वास सोडते. टायरच्या रबरातल्या रसायनांमुळे पीव्हीसीवर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून जिथे चाकं थांबतात तिथे जुन्या रबरी शीटचे तुकडे ठेवा. स्कूटरच्या स्टँडखालीही तसाच तुकडा हवा. गाडी हळू आत घ्या आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवू नका, त्याने मॅट गोळा होते.

आता रोजचं काम. गाडी आत घेण्याआधी गेटशी दोन मिनिटं थांबवून टपावरचं आणि बॉनेटवरचं पाणी हाताच्या वायपरने ओढून काढा. निम्मं काम तिथेच होतं. सकाळी गाडी बाहेर निघाली की मॅटवरचं पाणी वायपरने एका कोपऱ्यात आणा आणि सुपलीने बादलीत भरा. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम असेल तर आणखी सोपं. तळाशी चिखल उरतो, तो जुन्या फडक्याने पुसा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर गाडीतून ऑइल गळत असावं. असं पाणी पावसाळी गटारात ओतू नका. तवंगावर लाकडाचा भुसा टाकून तो शोषून घ्या, भुसा कचऱ्यात वेगळा बांधून द्या आणि गाडी मेकॅनिकला दाखवा. वाशी-ऐरोलीकडची गटारं शेवटी ठाणे खाडीत जातात. तिथे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

डासांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गावाला जाऊन गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर निघण्याआधी मॅट कोरडी करा किंवा एक कड दाबून मोकळी ठेवा. नुसतं पाणी ओतून देणंही पुरत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून आठवड्याला एकदा मॅटच्या कडा आतून ब्रशने घासा. पालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, त्याच दिवशी हेही करून टाका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जरची वायर किंवा एक्स्टेंशन बोर्ड मॅटवर कधीही ठेवू नका. सॉकेट भिंतीवर उंच घ्या आणि त्या सर्किटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या जागेत, मॅट टाकायची तर आधी कमिटीला विचारा. पाणी शेजारच्या जागेत लोटलं जात असेल किंवा ट्रॅप झाकला जात असेल, तर भांडण ठरलेलं.

रस्त्यावरचं पाणी आत शिरत असेल तिथे मॅटचा उपयोग नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, त्यासाठीच हे शहर वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी साठवून धरणारे धारण तलाव केले. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत पाणी चढतं. तिथे उंबरा उंच करणं आणि सामान फळीवर ठेवणं एवढंच कामाचं. असं पाणी ओसरल्यावर मॅट साबणाने धुवा आणि धुताना हातमोजे, गमबूट घाला, कारण त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होऊ शकतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की मॅट काढून दोन्ही बाजूंनी धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात पीव्हीसी ताठर होतं. घडी घातली तर घडीवर चीर जाते, म्हणून जुन्या पाइपभोवती गुंडाळून उभी ठेवा आणि तिच्याखालची फरशीही आठवडाभर उघडी वाळू द्या.