लेकरांच्या हालचालीत या चुका टाळा

रांगतं लेकरू घरात असलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "आणा की एक वॉकर, लवकर चालंल." वॉकरनं चालणं लवकर येत नाही. लेकरू त्यात लोंबकळत बसतं, चवड्यांनी फरशी ढकलतं आणि गाडी पळते. गुडघ्यातून उठणं, तोल जाणं, पडता पडता सावरणं हे काही त्याला करावंच लागत नाही. वर चुलीपर्यंत आणि जिन्यापर्यंत ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचतं. कॅनडानं अशाच अपघातांपायी २००४ मध्ये वॉकरवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो धरायला लेकराला आधी स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. फक्त तो हलका, कलंडणारा नको.

याच्याही आधीची चूक म्हणजे दिवसभर झोळी, मांडी आणि कडेवर. न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी थोडा थोडा वेळ मिळून दिवसातून निदान अर्धा तास पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोधडी अंथरा आणि समोर तुम्हीही आडवे व्हा. बाळ मान उचलून बघतं, हातांवर जोर देतं, खांदे तयार होतात. झोपवताना मात्र उताणंच.

"चुलत्याचा अकराव्या महिन्यात चालला, आमचा अजून नाही," ही तुलना सोडून द्या. याच संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात (त्यात भारतातली मुलंही होती) आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने एवढं पसरलेलं निघालं. शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि थेट चालली.

आता सगळ्यात वाईट चूक, आणि ती शिकलेल्या घरांत जास्त. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन दोन रेघी वही भरून घेणं. लातूर पॅटर्नची हवा बालवाडीपर्यंत पोचल्यासारखं वाटतं कधी कधी. ज्या पोराचे खांदे-मनगट अजून कच्चे आहेत, ते पेन्सिल मुठीत आवळतं, वहीवर वाकतं, दोन ओळींत कंटाळतं, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. त्याला तुरीच्या शेंगा सोलायला बसवा. शेंग अंगठ्यानं दाबायची, शिवण उकलायची, दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा. पेन्सिल धरायला लागणारी बोटं इथंच तयार होतात. कणकेचे गोळे, दोरीवरचे चिमटे, लसूण सोलणं, हेही तेच काम करतं. अक्षर पुढं आपोआप सुधारतं असं नाही, पण हात दुखत नाही.

शाळेत गेल्यावर खेळाचा तास गणिताला जातो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्याच्या एका पीटीत ती भागत नाही. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे गुरुजी तर पळणंच नकोसं करून टाकतात.

ज्याला खेळ जमत नाही त्याला लिंबूटिंबू करून बाजूला बसवतात. सरावाची गरज त्यालाच जास्त, आणि त्यालाच चेंडू मिळत नाही. चेंडू आला की तोंड फिरवतो? टेनिस बॉल बाजूला ठेवा. आधी फुगा द्या, मग चिंध्यांचा मोठा चेंडू दोन हातांवरून हळू टाका. नजर टिकली की अंतर वाढवा. फेक जवळच पडते? उजव्या हातानं फेकणाऱ्याचा डावा पाय पुढं आहे का बघा. बहुतेकदा उजवाच असतो. लंगडीत पाय टेकतो तर आधी भिंतीला एक हात लावून नुसतं एका पायावर उभं राहू द्या, उड्या नंतर.

उलट टोकाची माणसंही आहेत: सातव्या वर्षी एकच खेळ, एकच अकॅडमी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे स्टीपलचेसकडे (अडथळ्यांच्या शर्यतीकडे) वळला तो सैन्यात गेल्यावर. दहा-बारा वर्षांपर्यंत सूरपारंब्या, खो-खो, पोहणं, दोरीवरच्या उड्या, सगळंच होऊ द्या. आणि मुलगी मोठी झाली म्हणून तिचा खेळ बंद करू नका. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार खो-खोसाठीच मिळाला.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा बेचाळिशी ओलांडतो. तेव्हा खेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर. दुपारी ओसरीत ठिकरी चालेल.

काही गोष्टींत मात्र "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका. नऊ-दहा महिन्यांचं होऊनही बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, किंवा आलेली हालचाल गेली असेल तर लगेच दाखवा. आणखी एक खूण: चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत टेकत वर येत असेल, जिना चढताना मागं पडत असेल, तर तो आळस समजू नका, स्नायूंच्या आजाराची ती सुरुवात असू शकते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना हे सांगा. पथक यायची वाट बघायची नसेल तर अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना विचारून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लेकरांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) गाठा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि लेकराच्या उठण्या-चालण्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात लेकरू बुजलं तरी डॉक्टरांना बघायला मिळतं.